पुन्हां एकवार तुमच्यापुढें
(शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीआधीं पालकसभेंत केलेलें भाषण)

मायबापहो, दोन वर्षांमागें तुम्हीं हात वर करून आम्हांला शाळेच्या समितींत बसविलें. मुदत सरली. आज पुन्हां तुमच्यापुढें उभे आहोंत; तेव्हां हिशेब आधीं, मागणें मागाहून.

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनला सुनावलें कीं, तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि विद्या मात्र वरच्या वर्गांच्या पदरीं पडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें समितींतल्या चारांतल्या तीन जागा आईबापांना दिल्या, व एकंदर निम्म्या जागा बायांना. आणि आम्हीं काय केलें? पहिले सहा महिने पुढें आलेल्या कागदांवर न वाचतां सह्या ठोकल्या! पुढें कुंभारवाड्यांतल्या सूनबाईंनीं भर बैठकींत खिचडीच्या तांदळाची वही मागितली, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. मग दर महिन्याला पोतीं मोजलीं. मुलींच्या संडासाला पाणी आलें. असो.

पण ऊसतोडीला जाणाऱ्यांचीं लेंकरें? आईबाप कोयता घेऊन गेले, तीं मागोमाग फडावर गेलीं. वाढें गोळा करीत चार महिने गेले. परतलीं तों वर्ग पुढें निघून गेला होता. त्यांना गांवांतच ठेवून जेवूं घालावें म्हणून हंगामी वसतिगृहाचा अर्ज करावयाचा असतो. तो आम्हीं उशिरां धाडला. दोष आमचा, दुसऱ्या कोणाचा नव्हे.

यंदा तो अर्ज दसऱ्याच्या आंत गेला पाहिजे. तेवढ्याकरितां आम्हांला पुन्हां जागा द्या. अध्यक्षपण मात्र त्या सूनबाईंना द्या; आम्ही त्यांच्या शेजारीं बसून पोतीं मोजूं.