हार्मोनचे आजार आणि मूळपेशींचं इंजेक्शन
(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व इथल्या बायकांच्या बैठकीतलं भाषण)


थायरॉईड, पीसीओडी, अकाली थांबलेली पाळी यांवर ‘स्टेम सेल’ टोचून घ्यावं का, असं इथे अनेकींनी विचारलं. विकत मिळणारं असं इंजेक्शन घेऊ नका, हे आधीच सांगते.

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. तिच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात. हार्मोन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या असतील तर नव्या घालायच्या, ही कल्पना खोटी नाही. इन्सुलिन हेही हार्मोनच. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १२ रुग्णांना अशा पेशींची पूर्ण मात्रा दिली. वर्षभराने १० जणांना इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना घ्यावी लागली. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पीसीओडीचं तसं नाही. तिथे पेशी नष्ट झालेल्या नसतात. बीजकोश, इन्सुलिन, वजन असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. मग भरायचं काय? थायरॉईड कमी पडत असेल तर रोजची स्वस्त गोळी ते हार्मोन पुरवते. अकाली पाळी जाण्यावर छोटे प्रयोग झाले आहेत, पण प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. सकाळी धावतपळत वसई स्टेशन गाठणाऱ्या बाईचा थकवा तर कुठल्याच सुईने जात नाही, पण त्याचीही किंमत लावणारे भेटतात.

२०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आणि इतर काही ठरावीक आजारांसाठी रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं रोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं संशोधन. त्याला नैतिक समितीची मंजुरी लागते, रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

बायकांच्या शरीरावर न सांगता प्रयोग होणं आपल्याला नवं नाही. १९८५ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला नेट-एन हे हार्मोनचंच इंजेक्शन बायकांना पुरेशी माहिती न देता देऊ पाहत होते. स्त्री-संघटनांनी तो प्रकार उघड केला आणि १९८६ला सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

तेव्हा कुणी ‘चाचणी’ म्हटलं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही नंतर. पैसे मागितले तर उठून या, आणि जाहिरातीचा कागद आमच्याकडे आणून द्या.