गोळी सोडायचीय? जरा दमानं

आज गजाली कमी, गोळीबद्दल जास्त.

"बरा वाटता मां? मगे गोळी कित्याक?" आमच्या घरात हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच. आईचं म्हणणं तसं साधं आहे. ताप उतरला की आपण तापाची गोळी बंद करतो. पण नैराश्याची गोळी बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवतात, आजार पुन्हा पुन्हा आलेला असेल तर त्याहून जास्त.

मी एसिटालोप्राम घेते, १० मिलिग्रॅम. बंद करायचीय म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पुढचे तीन महिने घरात काय काय आहे?" आमचा तारकर्लीला होमस्टे. मे महिन्यात झोपायलाच मिळत नाही. म्हणून ठरलं, सीझन संपल्यावर. पण पावसाळ्यातही एक अडचण असते. १ जूनपासून मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, सगळं सामसूम. एकटं वाटायला वेळ लागत नाही. म्हणून बहिणीला सांगून ठेवलं, मी फार चिडचिड करायला लागले तर तोंडावर सांग.

आता महत्त्वाचं. १० ची ५ केली म्हणजे मेंदूवरचा परिणाम अर्धा होतो, असं नाही. तो थोडाच कमी होतो. ५ वरून शून्य ही उडी मात्र मोठी असते. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त हेच मांडलं: जितकं खाली जाल, तितक्या पायऱ्या लहान करा. 'एक दिवस आड घे' हा शेजाऱ्यांचा सल्लाही नको, त्यात औषधाची पातळी वरखाली होत राहते. आणि कॅप्सूल किंवा सावकाश विरघळणारी गोळी घरी तोडू नका.

डोस कमी झाल्यावर डोक्यात करंट लागल्यासारखं होऊ शकतं. चक्कर, विचित्र स्वप्नं, उगाच रडू. माणूस घाबरतो, आजार परत आला! इथे तारीख कामाला येते. मी मोबाइलमध्ये लिहिते: डोस कधी बदलला, त्रास कधी सुरू झाला. दोन-चार दिवसांतच, आणि करंटसारखं आधी कधी न झालेलं काही असेल, तर तो बहुधा गोळी कमी केल्याचा त्रास. काही आठवड्यांनी हळूहळू जुनीच लक्षणं आली, तर आजार डोकं वर काढत असू शकतो. (फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जातं, तिथे त्रासही उशिरा येतो.) दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करायचा. ते आधीच्या डोसवर परत जा म्हणाले तर जायचं, त्यात हार कसली?

मरणाचे विचार आले तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि हो, पावसात मेडिकलवाल्याकडे माल येईलच असं नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात जास्तीच्या ठेवा. मी सध्या ५ वर आहे. पुढची पायरी गणपतीची गर्दी ओसरल्यावर.