कथाकार टोल्कीन, त्यांचे सोबती व त्यांचें संगीत

(जुबिलीनिमित्त केलेलें भाषण)



जुबिलीच्या समारंभांत एका इंग्रज कादंबरीकाराची कथा आम्ही सांगावी, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु जॉन रोनाल्ड टोल्कीन यांचें जीवन एका धर्मगुरूच्या छायेंत घडलें, म्हणून ती येथें अस्थानीं होणार नाहीं.

टोल्कीन १८९२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत जन्मले. चार वर्षांचे असतां पिता वारला. १९०० सालीं आई मेबल हिनें कॅथलिक श्रद्धा पत्करली, तेव्हां आप्तांनीं द्रव्यसाहाय्य बंद केलें. १९०४ सालीं मधुमेहानें ती निवर्तली. इन्सुलीन अद्याप कोणास ठाऊक नव्हतें. तिचे दोन्ही मुलगे बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्या हवालीं झाले. फादरांनीं स्वतःच्या उत्पन्नांतूनही त्यांचा खर्च चालविला.

सोळा वर्षांच्या रोनाल्डची एडिथ ब्रॅट या पोरक्या मुलीशीं ओळख झाली. ती पियानो उत्तम वाजवी. फादर मॉर्गन यांस हें कळलें, तेव्हां एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत भेट नाहीं व पत्रही नाहीं, असा त्यांनीं निर्बंध घातला. आम्हांसही असले निर्बंध घालण्याचे प्रसंग येतात; तरी ही बंदी आम्हांस कठोर वाटते. मुलानें मात्र ती पाळली, आणि ती भयानें नव्हे, पित्याच्या ठिकाणीं मानलेल्या माणसाच्या ऋणामुळें. १९१३ सालीं एकविसाव्या वाढदिवशीं त्यानें तिला पत्र लिहिलें. तोंवर तिचें लग्न अन्यत्र ठरलें होतें! तें मोडून तिनें यास होकार दिला. ती चेल्टनहॅम येथें अँग्लिकन देवळांत ऑर्गन वाजवीत असे. कॅथलिक होण्याचें ठरवितांच राहतें घर गेलें, ऑर्गनही सुटला. तिनें दिलेली ही किंमत चरित्र वाचतांना सहज नजरेआड होते.

आतां मित्रांविषयीं. शाळेंतील चौघे जिवलग. पैकीं रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या रणांत पडला, आणि कवि जेफ्री स्मिथ त्याच वर्षीं डिसेंबरांत. आपण मेलों तरी आपल्या मंडळीस जें सांगावयाचें होतें तें टोल्कीननें सांगावें, असें स्मिथनें आधींच पत्रानें कळविलें होतें. उरला तो संगीताचा भोक्ता ख्रिस्तोफर वाइझमन. त्याचें नांव टोल्कीन यांनीं आपल्या मुलास दिलें.

पुढें ऑक्सफर्डला सी. एस. ल्युइस भेटले. त्यांच्या दालनांत गुरुवारीं रात्रीं मित्र जमत व आपलीं हस्तलिखितें वाचून दाखवीत. टीका निर्दय असे. १९३१ सालीं ल्युइस ख्रिस्ताकडे परतले, त्यांत टोल्कीन यांचा वांटा मोठा. परंतु ते अँग्लिकनच राहिले, हा सल टोल्कीन यांस कायमचा. तरीही ल्युइस यांच्या उत्तेजनावांचून १९५४-५५ सालीं निघालेली आपली महाकादंबरी पुरी झाली नसती, असें टोल्कीन मोकळेपणानें म्हणत.

स्वतः टोल्कीन यांना वादनांत गति नव्हती. पण मरणोत्तर १९७७ सालीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथांत सृष्टीची उत्पत्ति गायनांतून होते. एकजण बेसूर गातो, आणि उत्पन्नकर्ता तो बेसूरही आपल्या गीतांत गुंफतो. डॉनल्ड स्वॅन यांनीं त्यांच्या कवितांना दिलेल्या चाली १९६७ सालीं प्रसिद्ध झाल्या. एक चाल टोल्कीन यांस रुचली नाहीं. त्यांनीं स्वतः गुणगुणून दाखविलें, आणि स्वॅन यांनीं तेंच स्वीकारलें. तें वळण ग्रेगोरियन होतें. आपल्या गायकमंडळांतील वडील मंडळींस तें ऐकतांच ओळखतां येईल.