मजकूर सोपा की अवघड, हे कसे मोजावे?

(महोत्सवाच्या सभेतील भाषण)



 आरंभीच एक कबुली देणे भाग आहे.

गतवर्षी शिष्यवृत्तीची सूचना मीच लिहिली होती. ‘विहित मुदतीत अर्ज सादर न केल्यास विचार केला जाणार नाही,’ असे तीत एक वाक्य होते. तारीख मागच्या पानावर होती. मुदत उलटल्यावर एका मुलीचे वडील आले. रोज वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ. म्हणाले, ‘गुरुजी, ही विहित मुदत कधी असते?’ मला उत्तर देववेना.

मजकूर किती अवघड, हे मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली एक सूत्र मांडले. वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात उच्चारखंड किती, यांवरून ते गुण देते. गुण अधिक तर मजकूर सोपा. पण ते सूत्र इंग्रजीसाठी बांधलेले. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘घरच्यांबरोबर’ हा सात अक्षरांचा शब्द लहान मुलालाही कळतो. ‘विहित’ तीनच अक्षरांचा, पण तिथे मोठा माणूस अडतो.

विल्सन टेलर यांनी १९५३ साली दुसरी वाट दाखवली. मजकुरातील दर पाचवा शब्द गाळावा आणि वाचकाला तो भरावयास सांगावे. जितके शब्द बरोबर, तितका मजकूर त्या वाचकाला सोपा. ही रीत आपल्या भाषेतही वापरता येते, कारण इथे शब्दांची लांबी मोजायची नसून वाचणाऱ्यालाच विचारायचे असते.

मी तसे करून पाहिले. जुनी सूचना पाच पालकांना दिली. सोप्या शब्दांत लिहिलेली नवी दुसऱ्या पाच जणांना. जुनीतल्या बहुतेक जागा कोऱ्या राहिल्या, नवीतल्या बहुतेक भरल्या. आमच्या घरी दखनी बोलतात. मराठी मी शाळेत कमावली. एके काळी मला अडलेले शब्दच मी इतरांच्या वाटेत टाकले होते.

यंदा त्या मुलीचा अर्ज वेळेवर आला. गेलेले वर्ष मात्र मी तिला परत देऊ शकत नाही. म्हणून विनंती एवढीच की, न्यासाची प्रत्येक सूचना छापण्यापूर्वी, ती ज्यांच्यासाठी आहे अशा पाच जणांकडून तपासून घ्यावी. खर्च एका कागदाचा आहे.