इशाऱ्याचा दिवा आणि घटलेली शक्ती

मोटारचालकासमोरील फलकावर एंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. तो लागला की सामान्य माणसाच्या मनात दोन विचार एकदम येतात. गाडी आता वाटेतच बंद पडणार, हा पहिला. आणि खिशाला किती भुर्दंड बसणार, हा दुसरा. त्यातच गाडीने चढ ओढणे सोडले असेल तर दिवा आणि घटलेली शक्ती यांचा संबंध जोडण्यास कोणालाच वेळ लागत नाही. तो संबंध असतो हे खरे. परंतु वरवर दिसतो तसा तो नसतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

एक उदाहरण कल्पनेने समोर ठेवू. कुमाऊँमधील काठगोदाम ते नैनीताल हा रस्ता सुमारे ३५ किलोमीटरांचा आहे. एवढ्या अंतरात तो समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरांवरून १,९०० मीटरांच्या वर चढतो. या रस्त्यावर एक चालक कर्जाऊ घेतलेली पेट्रोलची टॅक्सी चालवितो. एके दिवशी पहिल्याच वळणांवर गाडी दम टाकू लागते आणि दिवा लागतो. कार्यशाळेत गाडीच्या संगणकाला यंत्र जोडले जाते. पी-०१७१ हा संकेत उमटतो. त्याचा अर्थ असा की मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त आहे. निष्कास नळीवरील ऑक्सिजन सेन्सर बिघडला असावा असे ठरवून नवा सेन्सर बसविला जातो, संगणकाची स्मृती पुसली जाते आणि दिवा विझतो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा लागतो. हंगामातील तीन दिवस वाया गेलेले असतात, कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला असतो आणि गाडी पूर्वीइतकीच दुबळी असते. चूक नेमकी कोठे झाली, हे समजण्यासाठी प्रथम त्या सेन्सरचे कार्य समजून घेतले पाहिजे.

पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण दाट होते, जास्त झाली तर पातळ. निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही विषारी द्रव्यांचा एकाच वेळी नाश करणारे उत्प्रेरक पात्र हे प्रमाण अगदी काटेकोर राखले तरच आपले काम नीट करते. ते राखले जाते की नाही, हे संगणकाला कळविण्याचे काम ऑक्सिजन सेन्सरकडे असते. ग्रीक अक्षरावरून त्याला लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये अमेरिकेसाठी बनविलेल्या मोटारींत प्रथम बसविला.

सेन्सरच्या अंतर्भागात झिर्कोनियम ऑक्साइडच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची अंगुस्तानाएवढी टोपी असते. तिच्या दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा असतो. बाहेरचे अंग निष्कास वायूत बुडालेले असते, तर आतल्या अंगास साधी हवा लागते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. निष्कास वायूत तो फारच थोडा उरतो. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील या तफावतीमुळे तिच्यात विद्युत् दाब निर्माण होतो. या दाबाचे गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडले होते. मिश्रण दाट असेल तर हा दाब ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढतो, पातळ असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. संगणक हा आकडा पाहून पेट्रोल किंचित कमी-जास्त करीत राहतो. म्हणून निरोगी, तापलेल्या एंजिनात तो सतत वरखाली झुलत असतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत निराळ्या, रुंद पल्ल्याच्या सेन्सरांचा वापर होतो. त्यांना हे आकडे लागू पडत नाहीत, तथापि विचाराची रीत तीच राहते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो केवळ उरलेला ऑक्सिजन मोजतो. आता एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, असे समजा. त्या सिलिंडरातील पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता निष्कास नळीत येतात. सेन्सरला त्यातील भरपूर ऑक्सिजन जाणवतो आणि तो ‘मिश्रण पातळ आहे’ असे कळवितो. संगणक त्यावर विश्वास ठेवून आणखी पेट्रोल सोडतो. सेन्सरच्या अलीकडे निष्कास नळीचा सांधा फुटला असेल तरीही असेच घडते. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा तीच खोटी खबर संगणकाकडे पोहोचते. दोन्ही प्रसंगी सेन्सरने आपल्यापुढे आलेले तेवढे सांगितलेले असते. साक्षीदाराने चोरी पाहिली म्हणून त्यालाच बेड्या ठोकाव्यात, तसा प्रकार नवा सेन्सर बसविताना पुष्कळदा होतो.

दुसरी गोष्टही तितकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीचा सेन्सर असलेल्या गाड्यांत चालक पायाने पूर्ण जोर देतो तेव्हा संगणक सेन्सरचे ऐकणेच थांबवितो. जास्तीत जास्त शक्तीसाठी मुद्दाम दाट मिश्रण लागते, आणि ते तो आधी साठविलेल्या आकड्यांवरून देतो. म्हणून पूर्ण जोर देऊनही गाडी चढत नसेल, तर एकट्या सेन्सरवर ठपका ठेवणे सहसा चुकीचे ठरते. शक्ती चार गोष्टींवर अवलंबून असते: आत येणारी हवा, पेट्रोलचा पुरवठा, ठिणगी, आणि जळलेल्या वायूला बाहेर पडण्याची मोकळी वाट. डोंगरी प्रदेशात विरळ हवेचाही हिशेब धरावा लागतो. टर्बो नसलेल्या एंजिनाची शक्ती दर हजार मीटर उंचीमागे साधारण दहा टक्क्यांनी घटते. नैनीतालला पोहोचेपर्यंत सुमारे एक-पंचमांश शक्ती केवळ उंचीमुळे जाते आणि त्यात बिघाड काहीच नसतो. परंतु आपल्या उदाहरणातील गाडी काठगोदामच्या पहिल्याच वळणांवर अडखळते. तेव्हा उंचीचे कारण तिला पुरे पडत नाही.

विचारी मिस्त्री कामाला कसा लागतो, ते आता पाहू. तो संगणकाची स्मृती आधी पुसत नाही. सर्व संकेत, अजून पक्के न झालेलेसुद्धा, आणि बिघाडाच्या क्षणी नोंदलेला वेग, भार व तापमान तो कागदावर उतरवून घेतो. पहिल्या कार्यशाळेत हाच पुरावा पुसला गेला होता. त्यानंतर थंड एंजिन सुरू करून तो कान देतो. निष्कास नळीच्या सांध्यातून टक्‌टक् आवाज येतो काय, तेथे काजळीचा डाग आहे काय, हवेच्या रबरी नळ्यांना तडा गेला आहे काय, हे पाहण्यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

मग तो सेन्सरची परीक्षा घेतो. एंजिन पुरते तापल्यावर अंकीय मीटरवर सेन्सरचा दाब पाहिला जातो. हवेची एक बारीक नळी क्षणभर सोडली की मिश्रण पातळ होते आणि आकडा झटकन खाली आला पाहिजे; जादा इंधन मिळताच तो तितक्याच तत्परतेने वर गेला पाहिजे. दोन्ही प्रश्नांना सेन्सरने चटकन उत्तर दिले तर तो निर्दोष समजावा. आकडा एकाच जागी खिळून राहिला किंवा आळसावल्यासारखा हलला, तर मात्र सेन्सर, त्यास तापविणारी तार, तिचा फ्यूज आणि जोडणी तपासावी. जळणारे एंजिन ऑइल, ज्वलनकक्षात झिरपणारे शीतक द्रव्य आणि अयोग्य सिलिकोन लुकण ही सेन्सरला विषासारखी बाधतात. कारण दूर न करता नवा सेन्सर घातला, तर त्याचीही तीच गत होते.

संगणक पेट्रोलात किती टक्के भर घालीत आहे, याचा आकडाही बोलका असतो. गाडी जागेवर उभी असताना ही भर मोठी असेल आणि फेरे वाढविताच ती कमी होत असेल, तर हवा कोठून तरी चोरून आत येत असते. उलट भार वाढेल तशी ती वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा गाळणी यांकडे लक्ष वळवावे.

शेवटी निष्कासाची वाट तपासली जाते. पुढचा सेन्सर काढून त्याच्या छिद्रात दाबमापक बसविता येतो. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर हा दाब २० किलोपास्कलच्या पुष्कळ वर गेला, तर पुढे कोठेतरी वाट तुंबली आहे, असा निष्कर्ष निघतो. ही सारी कामे उघड्यावरच करावीत. बंद गॅरेजमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि तो माणसाचा जीव घेतो.

आपल्या टॅक्सीत नवा सेन्सर उत्तम उत्तरे देतो. निष्कासाचा दाब मात्र भलताच चढतो. चढावर गाडी नेऊन पुन्हा संकेत वाचले असता पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरात ज्वलन चुकत असल्याची खूण, सापडते. त्या सिलिंडराच्या ठिणगीच्या कॉइलला केसासारखा तडा गेलेला असतो. सपाटीवर ती निभावून नेते. चढावर सिलिंडरातील दाब वाढला की ठिणगी प्लगपर्यंत न पोहोचता तड्यातूनच निसटते. आता सारी साखळी जुळते. ठिणगी चुकली, न जळलेले पेट्रोल आणि ऑक्सिजन उत्प्रेरकात गेले, सेन्सरने ऑक्सिजन पाहून मिश्रण पातळ असल्याचे कळविले, संगणकाने पेट्रोल आणखी वाढविले. ते सारे उत्प्रेरक पात्रात पेटले, तेथील उष्णता भयंकर वाढली आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक जाळे वितळून वाट बुजली. एका कॉइलचा दोष वेळीच कळला असता, तर हे महाग पात्र वाचले असते. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर तो बहुधा याच संकटाची सूचना देत असतो, आणि तशा वेळी गाडी दामटणे थांबविणेच शहाणपणाचे.

येथे चालकापुढे खरा पेच उभा राहतो. उत्प्रेरकात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने नव्या पात्राची किंमत त्याला झेपण्यासारखी नसते. कोणी सल्ला देतो की आतले जाळे फोडून पोकळ डबा परत बसवावा. पिकअप येईल आणि पैसे वाचतील. पिकअप येईल हे खरे आहे. परंतु मागचा सेन्सर हे लबाड काम लगेच उघडे पाडतो आणि दिवा पुन्हा लागतो. शिवाय त्या डब्याने जी विषारी द्रव्ये नाहीशी केली असती, ती मागून चालणाऱ्या शाळकरी मुलांच्या श्वासात जातात. चालकाचे घरही त्याच रस्त्याला लागून असते.

हे पात्र आपल्या देशात सहजासहजी आलेले नाही. शिशाच्या संपर्काने उत्प्रेरक व सेन्सर दोन्ही निकामी होतात. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आल्यावाचून त्यांचा उपयोग नव्हता. १९९५ च्या एप्रिलपासून ते दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत मिळू लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर अनिवार्य झाले. पुढे भारत स्टेज चार ही मानके १ एप्रिल २०१७ रोजी व भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० रोजी देशभर लागू झाली.

टॅक्सीचालकाने अखेर हप्त्यांवर नवे पात्र आणि एक नवी कॉइल बसविली, असे आपण मानू या. कॉइलची किंमत एकूण खर्चात अगदीच किरकोळ होती. दिवा लागल्याबरोबर कोणी ‘कोणता भाग बदलू?’ असे न विचारता ‘हा सेन्सर काय पाहून असे सांगत आहे?’ असे विचारले असते, तर तो किरकोळ खर्च करूनच गाडी दुसऱ्या दिवशी नैनीतालच्या वाटेला लागली असती.