डिस्नेलँडच्या बाकावर बसू नका

लेकीकडे नाहीतर मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलेले आपले आई-बाबा अनाहाइमचं डिस्नेलँड बघायला जातात आणि निम्मा दिवस बाकावर काढतात. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या. "आई, तुम्ही बसा, आम्ही येतोच," म्हणून तरुण मंडळी रोलर कोस्टरच्या रांगेत. मला याचं फार वाईट वाटतं. कारण त्या बागेतलं सर्वांत सुंदर काम संथ राइड्समध्ये आहे, गोष्ट सांगणाऱ्या राइड्समध्ये आहे, आणि तिथं सगळं घर एकत्र बसू शकतं.

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' घ्या. सिनेमावरून राइड काढली असं पुष्कळांना वाटतं. राइड १९६७ ची, सिनेमा २००३ चा. बोट निघते ती रात्रीच्या पाणथळीतून. काजवे चमकतात, एक म्हातारा झोपडीपुढे खुर्चीत झुलतोय. काहीच घडत नाही, आणि ते मुद्दाम. मग दोन छोटे उतार, गुहा, चाच्यांचे सांगाडे. आधी त्यांचा शेवट दाखवला, आणि त्यानंतर जिवंत चाचे, तोफा, पेटलेलं गाव. पंधरा मिनिटं ही गोष्ट चालते. रोलर कोस्टर एवढ्या वेळात किती फेऱ्या मारेल, आणि त्यातलं सांगण्याजोगं काय उरेल?

'हाँटेड मॅन्शन' १९६९ ची. तिथं गाड्यांची न तुटणारी साखळी आहे आणि प्रत्येक गाडी स्वतःभोवती वळते. आजी गोष्ट सांगताना नातवाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवते ना, ते काम इथं गाडी करते. बघायचं तिकडेच नजर जाते. आजी आधी दिवा बारीक करते, आवाज उतरवते, राक्षस येणार हे ठाऊक असूनही त्याला दाराबाहेर थांबवून ठेवते. इथंही तसंच. नाचघरातली पारदर्शक भुतं तर मोठ्या काचेवरची प्रतिबिंबं आहेत, १८६० च्या दशकात लंडनच्या रंगमंचावर गाजलेली युक्ती. आणि आजीच्या मांडीवर बसायला कुणी उंची मोजत नाही.

पुन्हा सांगते, कारण हे नेमकं निसटतं: संथ म्हणजे लहान मुलांपुरतं नव्हे. तरुणांनो, 'बच्चों की राइड' म्हणून नाक मुरडू नका. आणि आत मोबाइल वर धरू नका हो! त्या उजेडानं मागच्या बोटीतल्यांचा काळोख जातो, आणि काळोख गेला की गोष्ट गेली.

नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग या बागेबद्दलही बोलायचं होतं. १९५२ मध्ये तिथं अंतोन पीक या चित्रकाराच्या आराखड्यांवरून परिकथांचं अख्खं रान उभं राहिलं, आणि तिथं तर माणसं चालत चालत... पण घड्याळ पुढं गेलंय.

तेव्हा एवढंच ऐका. 'पीटर पॅन्स फ्लाइट'ला, १९५५ पासूनच्या त्या राइडला, बाग उघडल्या उघडल्या जा. तिचं जहाज वरच्या रुळाला टांगलेलं आहे, म्हणून खाली लंडनचे दिवे दिसतात आणि आपण खरंच उडतो. एका जहाजात दोघं-तिघंच मावतात, त्यामुळे रांग लवकर वाढते. पायरेट्सच्या बोटीत वीसेक माणसं बसतात, ती दुपारी केली तरी चालेल.