परभाषेतील धावत्या वाचनाविषयी



 प्रघाताप्रमाणे मराठवाड्यातील इंग्रजी अध्यापकांच्या मंडळाच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून वर्षभरातील कार्याचा आढावा मी घ्यावयाचा. परंतु तो अहवाल छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच, आणि जी एक तक्रार मी दीर्घकाळ मनात बाळगून आहे, ती या आसनावरूनही मांडली नाही, तर पुढे तिची दाद लागण्याचा संभव नाही.

तक्रार अशी की, परभाषेतील मजकुरावरून वेगाने दृष्टी फिरवून त्याचा मथितार्थ हस्तगत करण्याची विद्या आपण अभ्यासक्रमात लिहितो, परीक्षेत तिला गुण ठेवतो आणि वर्गात नित्य तिचा गळा घोटतो. इंग्रजी उतारा समोर येताच आपला विद्यार्थी पेन्सिल काढून प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहू लागतो, तिसऱ्या ओळीशी पोहोचेपर्यंत पहिलीचा आशय विसरतो, आणि या श्रमाला आपण अभ्यासू वृत्ती म्हणून शाबासकी देतो. उरलेले काम गाईडवाले करतात. सारांश तयारच मिळत असेल तर मूळ उतारा वाचण्याची तसदी कोण घेईल?

वस्तुतः धावत्या वाचनाची ही विद्या या शहराला परकी नाही. औरंगाबाद हे मोगलांच्या दख्खनचे ठाणे. पुढे निजामी अमदानीत कचेरीची भाषा आधी फार्सी आणि नंतर उर्दू, आणि अर्ज करणारी येथील बहुतांश रयत मराठी. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. १९४८ सालापर्यंत येथील कित्येक मराठी कारकुनांचा चरितार्थ परभाषेतील कागदांवरच चालला. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शेजारी असेच एक पेन्शनर पेशकार राहत. उर्दू गजल ऐकविली तर ती त्यांना निम्मीही उमजत नसे. मात्र जुन्या मिसलीतला अर्ज हाती दिला की, अलकाब-आदाबाच्या, म्हणजे मायन्याच्या, ओळी ओलांडून त्यांची नजर जेथे मागणी सुरू होते तेथे नेमकी उतरे, तेथून अर्जदाराच्या गावावर, तेथून शेऱ्यावर, आणि चष्मा काढता काढता ते गोषवारा सांगत. कित्येक शब्द त्यांना अडत. पण त्या शब्दांपाशी ते थांबत नसत.

सकाळच्या परिसंवादात आमच्या तरुण सहकाऱ्यांनी आग्रहाने प्रतिपादिले की, आधी शब्दसंग्रह, मग वेग. त्यांनी हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या संशोधनाचा आधार घेतला, आणि तो खोटा नाही: विनासाहाय्य वाचून गोष्ट पुरती समजण्यास शेकडा ९८ शब्द परिचित असावे लागतात, आणि शेकडा ८० शब्दच परिचित असता त्या प्रयोगातील एकालाही ती पुरेशी कळली नाही. पण तो हिशेब पुरत्या आकलनाचा आहे. हा कागद कशाविषयी आहे आणि तो सावकाश वाचण्याच्या लायकीचा आहे काय, एवढाच निवाडा करणाऱ्याला तो जसाच्या तसा लावणे मला मान्य नाही. आमच्या पेशकारांना वतन, सारा, वारसा, बांध यांचे तंटे तोंडपाठ होते. विषय ठाऊक असला की अनोळखी शब्द वाट अडवीत नाही.

म्हणून मी वर्गात जायकवाडी धरणाच्या पाण्यावरील इंग्रजी बातमी देत असे. पैठणकडची मुले, जी पाठ्यपुस्तकातील हिमखंडावरच्या धड्यात जागच्या जागी खिळत, ती मिनिटभरात सांगत की हा वाद पाणी सोडण्याचा आहे आणि लेखक कोणाच्या बाजूचा आहे. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयातील मायकेल वेस्ट यांनी द्वैभाषिकतेवरील आपल्या १९२६ च्या ग्रंथात असे मांडले होते की, तेथील विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्याहून वाचण्याची निकड अधिक आहे. त्यांनी मोजक्या शब्दांत बसविलेली वाचनमाला तयार केली. त्यानंतर एवढा काळ लोटला, आणि आपण अद्याप कठीण शब्दांच्या याद्या फळ्यावर उतरवितो आहोत!

वेगाने उथळपणा येतो, असा आक्षेप काहींनी घेतला. काव्य सावकाशच वाचावे, यात वाद नाही. पण ग्रंथालयातील दहा पुस्तकांतून आपले एक निवडता न येणारा विद्यार्थी सखोल वाचणार तरी काय? आणि जाता जाता हेही नोंदवितो की, उताऱ्यातून एखादी सनावळी हुडकणे म्हणजे धावते वाचन नव्हे. ती हरवलेली किल्ली शोधणे झाले.

परिचित विषयांवरील सोप्या इंग्रजी उताऱ्यांचा एक संग्रह आपल्या मंडळाने सिद्ध करावा, असे मी सुचवितो. त्याचा तपशील कार्यकारिणीने यथावकाश ठरवावा. तूर्तास परीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: उताऱ्याखाली शब्दार्थच विचारावयाचे असतील तर खुशाल विचारा, परंतु त्या प्रश्नाला धावत्या वाचनाचे नाव देऊ नका.